नाताळच्या पाहुण्यास काय द्यावे?

गेल्या नाताळात आमचे एक जुने ख्रिस्ती सहकारी चार दिवस रेवदंड्यास आमच्या घरी उतरले होते. पत्नीवियोगानंतरचा त्यांचा हा पहिलाच सण. त्यांस भेट कोणती द्यावी, याचा घरात बराच खल झाला. मौल्यवान वस्तू द्यावी, तर परतफेडीचे ओझे पाहुण्याच्या शिरी. अलिबागचा पांढरा कांदा नामांकित खरा. परंतु तो निघावयाचा शिमग्याच्या सुमारास. श्रीवर्धनची रोठा सुपारी सुचली. पण स्नेह्यांच्या दातांनी केव्हाच रामराम ठोकलेला! अखेर सूनबाईंनी परसातल्या रातांब्यांच्या आमसुलांची बरणी पुढे केली. रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळविलेली ही साले वर्षभर टिकतात, आणि एकट्या माणसास दोन आमसुलांत वाटीभर सार होते.

नाताळच्या सकाळी कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून आम्ही त्यांस कोर्लईच्या देवळात नेले. पोर्तुगीज अंमल तेथून १७४० मध्ये उठला. तरी तेथील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजोद्भव बोली अद्यापि नांदते. ती ऐकण्याचे आम्हांस भारी कुतूहल. स्नेह्यांचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. आम्ही बाहेर माडाखाली थांबलो. परतताना पूल येईतो ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “मास्तर, तिच्या नावाची मेणबत्ती लावून आलो.”