कोंड्याचं यीस्ट हाताशी आलं तेव्हा

डोक्यातला कोंडा आणि पाठीवरची शिबं, दोन्हींच्या मागे एकाच वंशाचं यीस्ट असतं: मॅलासेझिया. शिब्यांतली बुरशी आइश्टेटने 1846 मध्ये ओळखली. 1874 मध्ये मालासेझ या फ्रेंच संशोधकाने कोंड्यातल्या यीस्टचं वर्णन केलं आणि 1889 मध्ये वंशाला त्याचंच नाव मिळालं. ओळख इतकी जुनी, तरी या यीस्टमधलं एखादं जनुक काढून काय बिघडतं ते बघायची सोय व्हायला 2016 उजाडलं. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये बाहेरचा डीएनए घालणं 1978 मध्येच जमलं होतं.

उशिराचं पहिलं कारण खाण्यापिण्याचं. मॅलासेझियाला मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत; ते आपल्या कातडीच्या तेलावर जगतं. साध्या साखरेच्या माध्यमावर बहुतेक जाती वाढतच नाहीत. त्यांना ऑलिव्ह तेल, ट्वीन, बैलाचं पित्त असलं काय काय घालून द्यावं लागतं. एवढं करूनही वाढ संथ. शिवाय पेशीभित्ती जाड, म्हणजे डीएनए आत सारायचा तर दारच बंद.

2007 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संशोधकांनी मॅलासेझिया ग्लोबोसाचा जनुकसंच वाचला. शांपू विकणाऱ्यांना कोंड्यात रस असणारच! डीएनएची जेमतेम 90 लाख अक्षरं, सव्वाचार हजारांच्या आसपास जनुकं. मेदाम्लं बनवणारं मुख्य जनुक गायब, चरबी तोडणाऱ्या एन्झाइमांची मात्र रेलचेल. याचं कौतुक झालं ते रास्तच. पण मला वाटतं, त्या कौतुकात एक अडचण झाकली गेली. यादी हातात आली होती, तिच्यातलं एक नावही खोडून पाहता येत नव्हतं. कोणतं जनुक कशासाठी, हे दुसऱ्या बुरशींवरून अंदाजाने सांगायचं, एवढंच उरत होतं.

वाट सापडली ती झाडांच्या रोगात. ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू झाडाच्या जखमेत शिरतो, स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो आणि तिथे गाठ येते. गाठ आणणारी जनुकं काढून त्या जागी आपल्याला हवं ते जनुक बसवलं, तरी जिवाणू पोचवण्याचं काम इमानाने करतो. 2002 मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसातलं जनुक याच वाटेने आलेलं. 1995 मध्ये लायडनच्या संशोधकांनी दाखवलं की हा जिवाणू यीस्टलाही डीएनए देतो. फक्त यीस्टला जखम नसते. म्हणून जखमी झाडातून पाझरणारं ॲसिटोसिरिंगोन हे रसायन माध्यमात घालून जिवाणूला जागं करायचं. दोघांना काही दिवस एकत्र ठेवायचं, मग एका प्रतिजैविकाने जिवाणू मारायचा आणि दुसऱ्या औषधाने जनुक न मिळालेलं यीस्ट.

ड्यूक विद्यापीठातले ज्युसेप्पे इयानिरी, जोसेफ हाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हीच रीत मॅलासेझियाच्या फर्फर आणि सिम्पोडियालिस या जातींत बसवली. डीएनए कुठेही जाऊन बसत होता. पण फर्फरमध्ये नेमकं ठरवलेलं जनुकही काढता आलं. ग्लोबोसा आणि रेस्ट्रिक्टा, म्हणजे टाळूवर ज्यांचा खरा सुळसुळाट, त्या या पहिल्या यशात नव्हत्या. जी जात वश होते तिच्यावरच प्रयोग होतात, त्याला इलाज नाही.

2019 मध्ये असा डीएनए कुठेही बसवून बदललेले फर्फरचे 767 वाण दहा प्रकारच्या ताणांखाली तपासले गेले. वेगळे वागले ते 19. त्यांतून पुढे आलेली दोन जनुकं डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने मुद्दाम काढून खातरजमा केली. क्रिस्परची कात्री आणि कापलेल्या जागी बसवायचा तुकडा, दोन्हींची ने-आण पुन्हा त्याच जिवाणूकडे.

2020 चा निकाल मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. नायट्रिक ऑक्साइडचा मारा निकामी करणारं एक जनुक या यीस्टांनी फार पूर्वी जिवाणूंकडूनच उचललं होतं, तेही वेगवेगळ्या जिवाणूंकडून, वेगवेगळ्या वेळी. सिम्पोडियालिसमधून ते काढल्यावर यीस्ट त्या वायूपुढे हतबल झालं. मग उंदरांवर पाहिलं. तिथे मात्र ते जनुक असलेलं आणि नसलेलं यीस्ट सारखाच त्रास देत होतं.