स्पिन नॉइज: पल्स न देता मिळणारा सिग्नल
डेटात नॉइज दिसला की मी आधी फिल्टर लावतो. पण एनएमआरमध्ये कधीकधी नॉइजच कामाला येतो!

एमआरआय मशीन याच एनएमआरवर चालतं. आपल्या शरीरातल्या पाण्यातले प्रोटॉन म्हणजे छोटे चुंबक. रेडिओ पल्सचा धक्का दिला की ते सिग्नल देतात. पण धक्का नसतानाही त्यांची बेरीज सतत थोडी वरखाली होत असते. १०० नाणी उडवली की छापा-काट्यात साधारण १० चा फरक पडतो ना, तसंच. हाच स्पिन नॉइज. फेलिक्स ब्लॉख यांनी तो १९४६ मध्ये कागदावर मांडला. प्रत्यक्ष मोजला गेला १९८५ मध्ये, स्क्विड नावाच्या अतिसंवेदनशील सेन्सरने.

आता गणित बघा. १.५ टेस्लाच्या एमआरआयमध्ये दहा लाख प्रोटॉनमागे एका दिशेला जेमतेम ५ जास्त असतात. नॉइजचा फरक मात्र वर्गमुळाइतका, म्हणजे १०००! नमुना मोठा असेल तर पल्सचा सिग्नल जिंकतो, पण अगदी सूक्ष्म असेल तर नॉइज. आयबीएमच्या टीमने २००९ मध्ये याच नॉइजवरून तंबाखूच्या मोझेक विषाणूची थ्रीडी प्रतिमा मिळवली.

तेव्हापासून मी फिल्टर लावण्याआधी एकदा नॉइजचा ग्राफ नीट बघतो. तुम्हीही बघा!