खर्जाची बाजू

लग्नसराई सुरू झाली की नागपुरातल्या मंगल कार्यालयांत सनई वाजते, पण वाजवणारा दिसत नाही. पेनड्राइव्ह दिसतो. त्यात बहुधा उस्ताद बिस्मिल्ला खाँ असतात, आणि पंगत कुठल्या मजल्यावर याची चौकशी करणाऱ्या पाहुण्यांच्या डोक्यावरून तो सूर जात राहतो. याच सुराला सरावलेल्या कानाने मी झेलेंका या जुन्या युरोपीय संगीतकाराच्या सोनाटांचे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकले. दोन ओबो आणि त्यांच्याखाली बासून. (मराठीत नुसते ‘बसून’ लिहिले तर वादक बसून काय वाजवतात, हा प्रश्न उरतोच.)

ओबो परका वाटला नाही, कारण तो सनईच्याच गोतातला. दोन पत्त्या एकमेकींना बांधायच्या आणि मधल्या फटीतून फुंकायचे, हे सनई, ओबो, बासून या तिघांचे मूळ. पश्चिम आशियातला झुरना युरोपात शॉम म्हणून रुळला. सतराव्या शतकात फ्रेंच कारागिरांनी त्याचा रांगडेपणा तासून ओबो घडवला. सनईची पत्ती डुमरावकडच्या, सोन नदीकाठच्या नरकटाची, ओबोची दक्षिण फ्रान्समधल्या बोरूची. दोन्ही ओल्या कराव्या लागतात, दोन्ही उन्हाळ्यात रुसतात. मे महिन्यातल्या नागपुरात तर विचारूच नका.

यान डिस्मास झेलेंका १६७९ मध्ये बोहेमियातल्या लौन्योवित्से गावी जन्मला. वडील शाळामास्तर आणि ऑर्गनवादक. १७१०च्या सुमारास तो ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात लागला, तोही व्हिओलोनेवर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर. मध्ये व्हिएन्नात जाऊन त्याने फुक्स या संगीतकाराकडे रचनाशास्त्र गिरवले. १७२१-२२च्या सुमारास त्याने हे सहा सोनाटा लिहिले, तेव्हा आपल्याकडे नागपूर जेमतेम वीस वर्षांचे होते आणि गादीवर गोंड राजा चांद सुलतान. भोसल्यांचा नगारखाना अजून व्हायचा होता.

आपल्याकडच्या सनईच्या जोडीत एक सनई गाते आणि दुसरी सूर धरते. सूर धरणाऱ्याचे नाव तबकडीवर क्वचितच. झेलेंकाने ही उतरंड मोडली. पहिला ओबो मुखडा टाकतो, दुसरा तोच पाचव्या सुरावरून उचलतो, आणि तिसऱ्यांदा तो थेट तळातून, बासूनमधून येतो. त्याच्याही खाली स्वतंत्र खर्ज चालूच असतो. हस्तलिखितात दोन्ही खर्ज ‘ओब्लिगाती’ म्हटले आहेत, म्हणजे गाळता न येणारे. जन्मभर खालच्या बाजूला उभे राहिलेल्या वादकाने खालच्यांची ठेवलेली ही बूज, असे मला वाटते. तिसऱ्या सोनाटात त्याने एका ओबोच्या जागी व्हायोलिन घातले. बासून मात्र सहाही ठिकाणी कायम. पाचव्यात तर सगळे मिळून एक ठसठशीत मुखडा मांडतात आणि मग बासून अशा ताना घेतो की ओबोवाल्यांनी ऐकत राहावे.

दरबारात मात्र खालची बाजू खालीच राहिली. १७२९ मध्ये प्रमुख संगीतकार हायनिखेन वारला. त्या जागेसाठी झेलेंकाने अर्ज केला. जागा ऑपेरा लिहिणाऱ्या हासेला मिळाली. झेलेंकाच्या वाट्याला चर्च-संगीतकार ही पदवी आली. १७४५ च्या डिसेंबरात तो गेला. त्याचे एकही खात्रीचे चित्र नाही. थोरल्या बाखला तो मोलाचा वाटे, असे बाखच्या मुलाने नोंदवले आहे. तरी हे संगीत दोनशे वर्षे ड्रेस्डेनच्या कपाटातच होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर सोनाटा छापले गेले, पण छापील कागद वाजत नाही.

त्याला खरा आवाज मिळाला तो १९७२ मध्ये, आर्किव्ह कंपनीच्या मुद्रणात: ओबोवर हाइन्झ होलिगर आणि मोरीस बूर्ग, बासूनवर क्लाउस थूनेमान. या रचनांत ओळीच्या ओळी अशा आहेत की श्वास घ्यायला फट नाही. होलिगरकडे त्यावर आपल्या सनईवाल्यांचीच युक्ती होती: गालांत हवा साठवायची आणि ती बाहेर ढकलता ढकलता नाकाने नवी घ्यायची. त्या तबकड्यांनी झेलेंकाला पुन्हा नाव दिले असे म्हणायला हरकत नाही. पुढे नव्वदच्या दशकात इटलीच्या झेफिरो या चमूने जुन्या घडणीच्या, दोन-तीन चाव्यांच्या ओबोवर हेच वाजवले. सूर जरा खरखरीत, सनईच्या अधिक जवळचा. मला तोच जास्त आवडतो, पण माझा कान लग्नातला.

होलिगर, बूर्ग आणि थूनेमान १९९७ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि ईसीएमसाठी सहाही सोनाटा परत मुद्रित केले. ओबोवाले दोघे साठीच्या उंबरठ्यावर, थूनेमान साठ. पंचवीस वर्षांत माणसे तीच आणि बाजूही त्याच. दोन्ही मुद्रणे लागोपाठ लावली की मी ओबोंकडे दुर्लक्ष करून पाचव्या सोनाटात त्या साठीच्या माणसाचा दम मोजत बसतो.