निवृत्तीनंतरची भरती

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाउइन नावाचं गाव आहे. तिथून डोंगरात शिरणाऱ्या टॅलिलिन रेल्वेची लांबी जेमतेम बारा किलोमीटर आणि दोन रुळांतलं अंतर 2 फूट 3 इंच. या गाडीचं तिकीट फाडणारा, हिरवी झेंडी दाखवणारा, इंजिनात कोळसा टाकणारा माणूस बहुतेक वेळा पगारी नसतो. त्यांतले कित्येक साठी ओलांडलेले असतात. कुणी शाळेत शिकवलेलं असतं, कुणी बँकेत हयात काढलेली असते.

ही रेल्वे 1865 साली बांधली गेली ती ब्रिन एग्लुइस खाणीतला पाटीचा दगड खाली आणण्यासाठी. 1911 साली खाण आणि रेल्वे दोन्ही हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतली. 1946 मध्ये खाणीत पडझड झाली आणि ती बंद पडली. रेल्वेला उत्पन्न असं उरलंच नाही. तरी आपण जिवंत आहोत तोवर गाडी धावेल, हा शब्द जोन्स यांनी पाळला. जुलै 1950 मध्ये ते गेले. त्याच ऑक्टोबरात लेखक टॉम रोल्ट यांनी मित्रांसोबत बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली आणि रेल्वे वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. 14 मे 1951 रोजी संस्थेची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे.

हाती काय आलं होतं? चालू स्थितीतलं एकच इंजिन, 1866 सालचं डोलगॉख. रूळ झिजलेले, स्लीपर कुजलेले. गवताने धरून ठेवलंय म्हणून रूळ जागेवर आहेत, असं लोक म्हणत. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं प्रत्येकी 25 पौंडांना मिळाली. गेज तेच, म्हणून आनंद झाला. पण त्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं इंजिन पुन्हा पुन्हा रुळांवरून घसरू लागलं. मोजमाप केल्यावर उलगडा झाला. जुन्या कंपनीने डोलगॉख या लांब चाकतळाच्या इंजिनाला वळणं जड जाऊ नयेत म्हणून रूळ मुद्दाम सुमारे अर्धा इंच जास्त रुंद टाकले होते. तिच्या दोन्ही जुन्या इंजिनांच्या चाकांची धाव रुंद होती, त्यामुळे त्यांचं निभावलं. कॉरिसच्या इंजिनाची अरुंद चाकं मात्र रुळांच्या मध्ये उतरायची. असली माहिती कुठल्या वहीत नव्हती. ती जुन्या कामगारांच्या डोक्यात होती किंवा लोखंडातच होती.

आज इथे यायचं तर आधी सभासद व्हायचं, मग विभाग निवडायचा: इंजिन, डबे, रूळमार्ग, स्टेशन, दुकान. सुरक्षेचं प्रशिक्षण कुणालाच चुकत नाही. इंजिनावर जायची इच्छा असेल तर पहिली पायरी क्लीनरची. भल्या पहाटे यायचं, राख काढायची, पितळ घासायचं, तेल द्यायचं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे काचेच्या नळीत पाहिल्याशिवाय काडी लावायची नाही. मग लाकूड, मग कोळसा, आणि वाफ धरायला पुढे काही तास. क्लीनरचा फायरमन आणि फायरमनचा ड्रायव्हर व्हायला वर्षं जातात. मध्ये नियमांची परीक्षा असते आणि डॉक्टरची तपासणीही. माझ्या मते या संस्थेचं खरं मोठेपण इथे आहे. ज्याच्या सहीवाचून ऑफिसात पान हलत नव्हतं, तो माणूस इथे विशीतल्या फायरमनच्या हाताखाली फावडं धरायला शिकतो. जुना हुद्दा कुणी विचारत नाही आणि वय झालं म्हणून परीक्षा सोपीही करत नाही.

निवृत्तांवाचून या रेल्वेचं चालणार नाही, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. नोकरदार स्वयंसेवक शनिवारी-रविवारी येतात. उन्हाळ्यातली गाडी मंगळवारीही धावते. झुडपं तोडणं, खडी भरणं, कुजका स्लीपर काढून नवा घालणं ही कामंही आडवारी उरकावी लागतात.

गार्ड व्हायचं तर नियमांबरोबर मार्गाच्या खोडीही पाठ कराव्या लागतात. 1866 मध्ये सरकारी तपासनीस आले तेव्हा त्यांना पुलांखालची जागा फारच अरुंद वाटली. पूल पाडून पुन्हा बांधणं परवडणारं नव्हतं. तेव्हा डब्यांच्या एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखाली रूळ थोडे बाजूला सरकवले. आजही प्रवासी एकाच बाजूने चढतात-उतरतात. सुरुवातीच्या काळातले एक स्वयंसेवक गार्ड होते पाद्री विल्बर्ट ऑड्री, थॉमस इंजिनाच्या गोष्टींचे लेखक. एकदा अबरगनोल्विन स्टेशनवर खाण्यापिण्याचा स्टॉल चालवणाऱ्या बाईंना मागेच ठेवून त्यांनी गाडी सोडली. पुढे त्यांनी हा प्रसंग गोष्टीत घातला, आणि ती गोष्ट वाचून वाढलेली कितीतरी मुलं नंतर इथे आली.

आपल्या बार्शी लाइट रेल्वेची आठवण इथे येतेच. 1897 साली ती सुरू करणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी पुढे 1904 साली तेच अडीच फुटी गेज इंग्लंडमधल्या लीक-मॅनिफोल्ड मार्गासाठी वापरलं. तो मार्ग 1934 मध्ये बंद पडला, त्याची आता पायवाट झाली आहे. बार्शीची ब्रॉडगेज झाली, ते प्रवाशांच्या भल्याचंच झालं. पण कुर्डुवाडीच्या नॅरोगेज कारखान्यात ज्यांच्या हातांना ही इंजिनं ठाऊक होती, त्यांनी निवृत्तीनंतर ते ज्ञान पोरांच्या हाती द्यावं, अशी जागा आपण उभी करायला हवी होती. अजूनही करायला हवी.

टॅलिलिनपुढेही अडचणी आहेतच. वेल्समधली शेवटची मोठी खुली खाण 2023 मध्ये बंद झाली. तिथला वाफेच्या इंजिनाला मानवणारा कोळसा मिळेनासा झाला, आता तो परदेशातून आणावा लागतो. स्वयंसेवकांचं वय वाढतंय, त्यांची जागा घ्यायला तरुण हवेत. डॉक्टरने इंजिनावर चढायला मनाई केली की जुना ड्रायव्हर तिकीट खिडकीवर बसतो, वर्कशॉपमध्ये नव्या क्लीनरला शिकवतो, किंवा टाउइन स्टेशनच्या नॅरोगेज संग्रहालयात उभा राहतो. ऑड्रींची अभ्यासिका तिथे जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. ती पाहायला येणाऱ्या मुलांना इंजिन कसं चालतं हे समजावून सांगायला तिथे रोज कुणीतरी लागतंच.