मेमरी कार्डाची निवड

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे टपालाच्या तिकिटाएवढ्या एसडी कार्डावर साठविता येतात. १९९९ साली जाहीर झालेल्या या कार्डाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. एसडी कार्डाची धारणशक्ती २ गिगाबाइटपर्यंत, एसडीएचसीची ३२ गिगाबाइटपर्यंत आणि एसडीएक्ससीची २ टेराबाइटपर्यंत असते. तिन्हींचा आकार एकच. म्हणून खाचेत बसलेले प्रत्येक कार्ड चालेलच असे नाही. नवा कॅमेरा जुने कार्ड वाचतो. जुना कॅमेरा मात्र नव्या प्रकारचे कार्ड सहसा वाचीत नाही.

घागर मोठी, पण तोंड अरुंद असेल, तर ती भरण्यास वेळ लागतो. कार्डाचेही तसेच आहे. ‘व्ही ३०’ ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लेखनाची ग्वाही देते. वेग अपुरा पडल्यास चित्रीकरण मध्येच थांबते आणि झेपावणाऱ्या पाखराचा क्षण कायमचा निसटतो. म्हणून आधी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचावी, मगच कार्ड घ्यावे.