किती टक्के?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा चावडाचा जन्म झाला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका त्या वेळी अवघी चार वर्षांची होती. इथल्या कामगार वसाहतींना टेस्ट ट्यूब बेबी ठाऊक झाली ती पेपरातली बातमी म्हणून. आज भोसरी-मोशीतली जोडपी शिफ्ट सांभाळून आयव्हीएफ सेंटर गाठतात आणि सगळ्यात आधी विचारतात : किती टक्के?

या प्रश्नाचं उत्तर देण्याची रीत चाळीस वर्षांत कशी बदलली, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला एकेका भ्रूणावर भरवसा नव्हता, म्हणून एकाच वेळी तीन-चार सोडत. त्यातून जुळी, तिळी होत. घरच्यांना तो आनंदच वाटे. एका खर्चात दोन लेकरं! मात्र जुळ्यांत दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा, आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. मग बाळं काचेच्या पेटीत आणि बाप एनआयसीयूच्या बिलामागे. गर्भ राहण्याची टक्केवारी सांगताना जुळ्यांची शक्यताही धोका म्हणून सांगायला हवी होती. पुष्कळदा ती सांगितली गेली बक्षीस म्हणून, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

१९९८ मध्ये टेम्पलटन आणि मॉरिस यांनी ब्रिटनमधल्या ४४,२३६ उपचारचक्रांचा हिशेब मांडला. चारपेक्षा जास्त बीजं फलित झाली असतील, तर दोनऐवजी तीन भ्रूण सोडून मूल होण्याची शक्यता वाढत नव्हती. वाढत होती ती एकाहून अधिक बाळांची. स्वीडनने २००३ मध्ये एकच भ्रूण हा सर्वसाधारण नियम केला. तिथे आयव्हीएफमधल्या जुळ्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून काही वर्षांत पाचाच्या आसपास आलं आणि जन्मदर जवळपास टिकला. आपल्याकडे आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी सर्वसाधारणपणे तीनची मर्यादा घातली. पुढे भ्रूण गोठवण्याचं तंत्र सुधारलं आणि 'एक आत्ता, बाकीचे नंतर' असं म्हणणं डॉक्टरांना सोपं झालं.

अंदाज बांधणारी गणितंही याच काळात आली. नेल्सन आणि लॉलर यांनी २०११ मध्ये ब्रिटनमधल्या १,४४,०१८ चक्रांवरून एक सूत्र मांडलं. बाईचं वय, किती वर्षं मूल नाही, कारण काय, आधी आयव्हीएफ झालं का, यांवरून मूल होण्याची शक्यता काढायची. पण ती आकडेवारी तिकडच्या बायकांची. २०१४ मधल्या एका अभ्यासात भारतीय स्त्रियांचा बीजसाठा स्पॅनिश स्त्रियांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी आटत असल्याचं दिसलं. म्हणजे चाकणच्या चौतिशीतल्या बाईला परदेशी गणितातल्या चौतिशीचा आकडा सांगणं म्हणजे तिला खोटी आशा देणं.

आणि नवऱ्याचं काय? भट्टीजवळ वर्षानुवर्षं काम केल्याने शुक्रजंतूंवर परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. फाउंड्री आणि फोर्जिंगच्या या पट्ट्यात त्याची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. अजूनही बरीच घरं आधी सुनेलाच दवाखान्यात पाठवतात. कंत्राटी कामगाराची तर एका दिवसाच्या रजेवर मजुरी जाते. त्याच्या दृष्टीने पहिल्या खेपेची टक्केवारी पुरेशी नाही. दोन-तीन खेपांनंतर मूल घरी येण्याची शक्यता किती, हे त्याला कर्ज काढण्याआधी कळायला हवं.

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही आणली आणि तीत प्रत्येक सेंटरच्या उपचारांचं फलित नोंदवण्याची तरतूद केली. त्या नोंदींतून इथल्या वयोगटांचे, इथल्या कारणांचे, आणि एक बाळ व जुळी असे वेगवेगळे आकडे काढून लोकांसमोर ठेवता येतील. पॉझिटिव्ह आलेली टेस्ट आणि घरी आलेलं बाळ हे दोन आकडे तर त्यात वेगळेच हवेत.