ठासणीच्या बंदुकीतली उसनी दारू

‘दारू’ म्हटले की आज कुणालाही बाटलीच आठवते. पण आपल्या भाषेच्या माजघरात दुसरी एक दारू अजून साठवलेली आहे. कुणाचा बार फुसका निघतो, कुणी लग्नाचा बार उडवून मोकळा होतो, तर कुणाच्या लेखनात उपदेश ठासून भरलेला असतो. हे सारे वाक्प्रचार ठासणीच्या बंदुकीने दिलेले. बंदूक गेली आणि शब्द तेवढे राहिले, असे शहरातल्या माणसाला वाटते. पण सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम अंगाला, पाटण, जावळी, शिराळा या डोंगरपट्ट्यांत ती बंदूक अजून पुरती गेलेली नाही. ज्वारीत, भुईमुगात, उसात रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे मी या दोन जिल्ह्यांतल्या शाखांत काढली. पीककर्जाच्या निमित्ताने बांधावर जायचो. माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे, लांब नळीची जुनी बंदूक टेकवून ठेवलेली दिसायची. पुष्कळदा ती कायदेशीरही असे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना कुणाला द्यावा हे सांगताना पिकाच्या राखणीसाठी हव्या असलेल्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. बंदुकीला कागद असतो, नंबर असतो, मुदत असते. मात्र अंधारात, घाईघाईने, त्या नळीत काय भरले जाते याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

एका शाखेत साठीचे एक शेतकरी कर्जाच्या कागदांवर अंगठा द्यायला आले. पुरुषाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायची आमची रीत. त्यांच्या डाव्या हाताला अंगठाच नव्हता, शेजारचे बोटही अर्धेच होते. मग दुसऱ्या बोटाचा ठसा घेऊन तसा शेरा मारावा लागला. ‘‘तात्या, हे कशाने?’’ असे विचारले, तर ते म्हणाले, ‘‘डुकरं आल्याली, सायेब. दारू संपल्याली. घरात काड्यापेट्या हुत्या, त्याचंच गूल घातलं. दारू ती दारूच की, म्हटलं.’’

‘दारू ती दारूच की’ या चार शब्दांत सगळा घोटाळा आहे.

बंदुकीची जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. तिचा गुण असा, की ती ‘फुटत’ नाही, भराभर ‘जळते’. तिच्या धुराचा दाब गोळीला किंवा छर्ऱ्याला ढकलत नळीतून बाहेर काढतो, आणि गावच्या लोहाराने घडवलेली मऊ लोखंडाची नळी तेवढा ताण सोसते. नळीची जाडी, कानाचे भोक, दस्त्याची ठेवण, सगळे या एका दारूच्या स्वभावाला धरून शतकानुशतके ठरत आले. काडीच्या गुलात असते पोटॅशियम क्लोरेट. त्याचा स्वभावच वेगळा. ते घासण्याने, ठोकण्याने भडकते. ठासणीच्या बंदुकीत तर दारू गजाने ठासल्याशिवाय चालत नाही. म्हणजे चाप ओढण्याच्या आधी, नुसता बार भरतानाच घात होऊ शकतो. आणि बार उडालाच, तर दाब इतक्या झपाट्याने चढतो, की गोळीला पुढे सरकायला सवड मिळत नाही. मग नळी फाटते, आणि नळीखाली आधाराला असतो डावा हात.

खऱ्या दारूचीही आपल्या पूर्वजांना धास्ती होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना वस्तीपासून दूर कसा असावा, त्याला तळघर कसे करावे, दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून ऊन कशी द्यावी, याच्या बारीकसारीक सूचना आहेत. सह्याद्रीच्या पावसात सर्दावलेली दारू दगा देते, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. साताऱ्याच्या किल्ल्याने तर दारूचा हिशेब कसा उलटतो ते डोळ्यांनी पाहिले आहे. औरंगजेबाने वेढा घातला असताना, एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्याने मराठ्यांचे लोक गाडले गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या बाजूला ढासळला आणि हल्ल्यासाठी सज्ज उभे असलेले मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक त्याखाली गेले. ही बादशाही तोफखान्यातल्या जाणकारांची आणि अस्सल दारूची गोष्ट.

अस्सल दारूऐवजी दुसरे काही वापरायचा मोह केवळ आपल्या शेतकऱ्याला झाला असेही नाही. १७८८ साली फ्रान्समध्ये बर्थोले या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने सोऱ्याच्या जागी क्लोरेट घालून अधिक जोरकस दारू करायचे ठरवले. एसोन येथल्या कारखान्यात प्रयोग पाहायला स्वतः लाव्हाझिए सपत्नीक हजर होते. मंडळी न्याहारीला गेली, आणि त्यांतले दोघे जरा आधी परतले. तेवढ्यात स्फोट झाला. ते दोघे गेले. बाकीचे वाचले ते न्याहारी लांबली म्हणून. पुढे १८४६ च्या सुमारास कापसावर आम्लाची प्रक्रिया करून केलेला स्फोटक कापूस आला. धूर नाही, जोर मोठा, म्हणून युरोप हरखून गेला. १४ जुलै १८४७ रोजी इंग्लंडमधल्या फेव्हरशॅमचा कारखाना उडाला, सुमारे वीस माणसे गेली आणि इंग्रजांनी तो नाद बरीच वर्षे सोडला. बिनधुराची दारू माणसाळली ती १८८० नंतर. तीही पोलादी नळीच्या नव्या बंदुकांसाठी. जुन्या नळीत ती भरणाऱ्यांच्या नळ्या फुटल्याच. देशोदेशीच्या सरकारांनी, प्रयोगशाळांनी, पैशाच्या थैल्या ओतून जे शंभर वर्षांत कसेबसे साधले, ते आपला माणूस कंदिलाच्या उजेडात, काडेपेटीच्या किमतीत करू पाहतो.

क्लोरेटची आणि आपली ओळख तशी घरगुती आहे. गंधक-पोटॅशची लोखंडी दांड्याची ‘बंदूक’ दिवाळीत भिंतीवर आपटून आवाज काढलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. मीही त्यातलाच. गंधक आणि क्लोरेट एकत्र आले की ते कुणाच्या आज्ञेत राहत नाहीत, म्हणून केंद्र सरकारने १९९२ मध्ये अशा मिश्रणावर बंदी घातली. कायदा झाला, सवय मात्र मागल्या दाराने येत-जात राहिली.

इथे कुणी म्हणेल, की आमच्या तासगाव तालुक्यातले कवठे एकंद पाहा! दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे तिथे होणारी आतषबाजी पाहायला दूरदूरचे लोक येतात. पिढ्यान्‌पिढ्या दारूकाम जाणणारे ते गाव. मला त्या कसबाचा आदरच आहे. पण त्याच गावात मे २०१५ मध्ये फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. ज्यांच्या हातात परंपरेचे ज्ञान आहे, त्यांनाही दारू माफ करत नाही. मग ज्याला ज्ञान नाही आणि घाई मात्र आहे, त्याला ती काय माफ करणार?

बंदूक नसली तर गावठी बॉम्ब, हा दुसरा प्रकार. खाद्यात लपवलेला गोळा डुकराने चावला की फुटतो. पण गोळ्याला डुक्कर आणि गाय यांतला फरक कळत नाही. मे २०२० मध्ये केरळात डुकरांसाठी लावलेले असे फळ एका गाभण हत्तिणीने खाल्ले आणि जबडा फाटलेली ती नदीत उभी राहून मेली, तेव्हा देश हळहळला. आमच्याकडे कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या काठच्या गावांत गुरे रानात चरतात आणि पोरे गुरांमागे जातात. असा गोळा तिथे कुणाची वाट पाहत पडलेला असेल, याचा विचार करून पाहावा.

आणि आता ताजी भर म्हणजे कार्बाइडची प्लॅस्टिक नळी. माकडे, पाखरे हाकलायला म्हणून शेतात आलेली ही वस्तू पोरांच्या हातात गेली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशच्या इतर भागांत शेकडो जणांच्या डोळ्यांना तिने इजा केली, त्यांत मुले फार; काहींची दृष्टी गेली. कारण जुनेच होते. आवाज झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि बार त्याच क्षणी उडतो. ठासणीच्या बंदुकीतही रंजक जळून बार अडला की जाणता शिकारी नळी दूर धरून थांबत असे. ते थांबणे शिकवणारा आजोबा आता घरात नाही, आणि मोबाइलवरच्या चित्रफिती ते शिकवत नाहीत.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत उसनवारी दिसते. अस्सल दारू महाग आणि दुर्मीळ, म्हणून काडेपेटीकडून, पोटॅशकडून, कार्बाइडकडून जोर उसना आणायचा. या कर्जाला अर्ज लागत नाही, जामीन लागत नाही. वसुली मात्र बोटांतून आणि डोळ्यांतून होते, आणि पुष्कळदा घेणारा एक व फेडणारा दुसराच असतो. पण नुसते शेतकऱ्याला शहाणपण शिकवून भागायचे नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीच्या भरपाईची सरकारी योजना आहे. पंचनामा वेळेत झाला आणि पैसे पुढच्या पेरणीआधी हातात पडले, तर रात्री नळी भरायला बसणारे हात कमी होतील. दिवाळीच्या सुटीआधी शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी एक तास या विषयाला दिला, तर काही डोळे वाचतील. हे दोन्ही खर्च कुठल्याही हिशेबात फार मोठे नाहीत.

फुसक्या बाराला आपण हसतो. या एका बाबतीत मात्र तो फुसका निघालेलाच बरा. फक्त का फुसका निघाला, हे पाहायला त्या नळीत कुणी डोकावू नये.